सांगलीच्या उपनगरात स्वतंत्र घर घेताना

नोकरीच्या निमित्ताने, मुलांच्या इंजिनिअरिंगसाठी किंवा मिरजेच्या दवाखान्यांत थोरामोठ्यांचे उपचार सोयीने व्हावेत म्हणून सांगलीत राहायला येणाऱ्या कुटुंबांच्या मनात बहुधा एकच चित्र असते: दोन-अडीच गुंठ्यांत स्वतःचे घर, पुढे तुळस आणि गाडी लावण्यापुरता पोर्च, मागे कपडे वाळत घालायला जागा. पुण्या-मुंबईत जे परवडत नाही ते इथे अजून जमते, आणि म्हणूनच व्यवहारात घाई होते. मी २००८ साली खणभागात भाड्याने राहायला आलो, तीन वर्षांनी विश्रामबागच्या बाजूला एक जुने बांधलेले घर घेतले आणि त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच जणांबरोबर प्लॉट आणि घरे बघत हिंडलो. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. सांगलीत घर बघण्याची सुरुवात खोल्यांपासून करू नये, पाण्यापासून करावी. मग माती, मग कागद, आणि किचन ओटा कोणत्या दिशेला आहे हा विषय त्यानंतर. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

पहिली पायरी: पाणी किती फुटांना येते ते विचारा

सांगली शहरावर पाऊस तसा बेताचाच पडतो. इथला पूर येतो तो महाबळेश्वर, नवजा आणि कोयनेच्या पाणलोटात पडलेल्या पावसाचा, त्यामुळे गावात ऊन पडलेले असतानाही नदी चढत असते आणि नव्या माणसाला त्याचा अंदाज येत नाही. कोयना कराडला कृष्णेला मिळते, वारणा हरिपूरजवळ मिळते, आणि दोन्हीकडचे पाणी एकाच वेळी आले की वारणेच्या फुगीने कृष्णेचे पाणी पुढे सरकेनासे होते आणि ते शहरात पसरते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत सांगलीने हे पाहिले आहे.

या शहराला पुराची एक मोजपट्टी आहे आणि ती म्हणजे १९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. जुना सांगलीकर आपल्या घराचा पत्ता जणू या फुटांतच सांगतो. म्हणून घर बघायला गेल्यावर एजंटाला "इथे पूर येतो का?" असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमी "नाही" असेच असते. त्याऐवजी गल्लीच्या तोंडावरच्या किराणा दुकानदाराला, इस्त्रीवाल्याला किंवा ओट्यावर बसलेल्या एखाद्या आजोबांना विचारा, "काका, आयर्विनला किती फूट झाले की या गल्लीत पाणी लागते?" उत्तर लगेच आणि नेमके येते. मला एकदा एका आज्जींनी सांगितले होते, "त्रेचाळीस झालं की आमच्या पायरीला लागतं बघा, पंचेचाळीसला उंबऱ्यावर." इतकी बारीक माहिती कोणत्याही नकाशात मिळत नाही. निदान तीन वेगवेगळ्या घरांत विचारा, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षांचे वेगवेगळे विचारा.

सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडचा भाग आणि नदीपलीकडची सांगलीवाडी येथे पाणी लवकर पोहोचते. विश्रामबाग आणि तिथून मिरजेकडे जाणारा पट्टा त्या मानाने उंचावर आहे, आणि म्हणूनच तिथले दर चढे आहेत. पण उंचावरच्या भागात गेलो म्हणजे पाण्याचा प्रश्न संपला असे समजू नये. सांगलीत पाण्याचे दोन वेगळे त्रास आहेत: एक नदीचा आणि दुसरा साचलेल्या पावसाचा. शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात नदी पात्रात असतानाही पावसाचे पाणी रिकाम्या प्लॉटमध्ये दिवसेंदिवस उभे राहते, कारण ते वाहून जायला उतार नाही आणि जुने ओढे-नाले ठिकठिकाणी बुजलेले आहेत. विश्रामबागेतही नाल्याच्या कडेचे प्लॉट आहेतच. रस्ता एका जागी अचानक खाली उतरून पुन्हा चढत असेल, तर तिथे पूर्वी पाण्याची वाट होती असे धरून चाला.

कागदावरही हे तपासता येते. पूररेषेच्या नकाशात निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला परवानगी मिळत नाही, आणि निळ्या-लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून मिळते. महापालिकेच्या नगररचना विभागात सर्व्हे नंबर सांगून आपला प्लॉट कुठे बसतो हे पाहून घ्या. हा एक हेलपाटा वाचवू नका.

शक्य असेल तर घर जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस पडत असताना बघा. उन्हाळ्यात सगळी घरे चांगली दिसतात. रस्त्यापेक्षा घराचे जोते किती वर आहे ते पाहा. दरवेळी जुन्या डांबरावर नवा थर पडून रस्ते उंच होत गेले आहेत आणि तीस वर्षांपूर्वी रस्त्यापासून दोन फूट वर असलेले जोते आज रस्त्याच्या बरोबरीला आलेले असते. कंपाउंडच्या भिंतीचा खालचा भाग, मागच्या बाजूची न रंगवलेली भिंत आणि शेजारच्या बंद घराच्या भिंती यांवर गाळाची आडवी रेघ शोधा. विकायला काढलेले घर रंगवलेले असते; शेजारचे नसते.

ही रेघ काय असते ते मी जवळून पाहिले आहे. २०१९ मध्ये पाणी ओसरल्यावर आम्ही खणभागातल्या आमच्या जुन्या घरमालकीण काकूंकडे गाळ काढायला गेलो. भिंतीवर छातीच्या वर, स्विचबोर्डाच्याही वर, तपकिरी रंगाची सरळ रेघ उमटली होती, एखाद्याने ओळंब्याने आखावी तशी. प्लायवूडची कपाटे फुगून त्यांची दारे उघडत नव्हती, पण स्वयंपाकघरातले कडाप्प्याचे रॅक धुतल्यावर जसेच्या तसे वापरात आले. काकूंनी २००५ नंतर माळा मजबूत करून घेतला होता, त्यामुळे धान्याचे डबे, कागदपत्रांची पेटी आणि देव वर सुरक्षित राहिले. "या वेळी मीटर वर घेणार," एवढेच त्या म्हणाल्या, आणि दिवाळीच्या आत त्यांनी ते करून घेतले. पुराच्या पट्ट्यात घर घ्यायचेच असेल, आणि अनेकांना बजेटमुळे ते घ्यावे लागते, तर तळमजल्यावर कडाप्पा आणि स्टील, मीटर व स्विचबोर्ड उंचावर, आणि वर एक तरी राहण्याजोगी खोली, एवढे तरी असलेच पाहिजे.

दुसरी पायरी: माती बघा, मगच भिंती

सांगलीच्या बऱ्याच उपनगरांखाली काळी माती आहे. ऊस आणि हळदीला ती सोन्यासारखी आहे, पण घराला ती सोसत नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरच्या भिंती या फुगण्या-आकसण्याबरोबर हलतात. म्हणून इथे पाया काळ्या मातीत थांबवून चालत नाही. मुरूम लागेपर्यंत खोदावे लागते, किंवा मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअरच्या सल्ल्याने पाईलचा पाया घ्यावा लागतो. गल्लीत कुठे बांधकाम चालू असेल तर तिथला खड्डा जरूर पाहा. काळा थर किती फूट आहे आणि मुरूम कुठे लागतो हे तिथे डोळ्यांनी दिसते, आणि शेजारच्या तुमच्या प्लॉटमध्येही साधारण तेच असते.

हे मी नुकसान सोसून शिकलो. घर घेतल्यावर दुसऱ्या वर्षी मागच्या बाजूला एक खोली आणि कंपाउंडची भिंत वाढवली. मिस्त्रीने तीन फुटांवर "जमीन घट्ट लागली" असे सांगितले आणि मी उन्हाळ्यातल्या त्या कडक काळ्या ढेकळांकडे बघून विश्वास ठेवला. पुढच्या मार्चमध्ये नव्या खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपी भेग गेली आणि नवी भिंत जुन्या भिंतीपासून बोटभर सुटली. दुरुस्तीला मूळ खर्चाच्या निम्मे पैसे गेले. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी लागते, तो घट्टपणा खरा नसतो.

बांधलेले घर बघताना भेगा वाचायला शिका. गिलाव्यावरच्या केसासारख्या, जाळीसारख्या रेषा फारशा काळजीच्या नाहीत. दार-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेली तिरपी भेग, वरच्या बाजूला रुंद आणि खाली निमुळती होत जाणारी, ही मात्र पाया हलल्याची खूण असते. दारे चौकटीत घासतात का, फरशीचा एखादा पट्टा खचला आहे का, जोत्याभोवतीचा सिमेंटचा पट्टा भिंतीपासून सुटला आहे का, हे पाहा. तो पट्टा शाबूत असेल तर पावसाचे पाणी पायापासून लांब राहते आणि घर निम्मे सुखी होते. त्याच कारणाने मोठी झाडे भिंतीला चिकटून लावू नयेत; शेवगा, पपई, कढीपत्ता खुशाल लावा, पण पिंपळ-उंबराची रोपे गच्चीत किंवा पाइपाच्या खाचेत दिसली तर लहान असतानाच मुळासकट काढा.

मग गच्चीवर जा. कोबा फुगलेला आहे का, पाण्याचे पाइप खाली कुठे सोडले आहेत, पॅरापिटच्या आतल्या बाजूला शेवाळ किती उंच चढले आहे, यावरून गळतीचा अंदाज येतो. खालच्या खोलीत छताला गंजाचे तांबूस डाग किंवा सुटलेला गिलावा दिसला, तर आतली सळई गंजू लागली आहे असे समजा आणि भाव ठरवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याची फी नंतरच्या दुरुस्तीपुढे किरकोळ ठरते.

पिण्याचे पाणी आणि सांडपाणी हेही याच फेरीत पाहा. नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ येते, हे शेजारच्या वहिनींना विचारा. बोअर असेल तर त्याचे पाणी चाखून पाहा. सांगलीच्या आसपास ते पुष्कळदा खारट किंवा जड निघते आणि फक्त वापरायला चालते. भुयारी गटाराची जोडणी नसेल तर सेप्टिक टँक कुठे आहे, तो कधी उपसला, आणि शेजारच्यांचा टँक आपल्या बोअरपासून किती लांब आहे, हे नेमके माहीत करून घ्या. लहान प्लॉटवर निदान आपला टँक आणि आपले बोअर समोरासमोरच्या कोपऱ्यांत असावेत.

तिसरी पायरी: कागद

सांगलीत नव्या माणसाने सर्वांत आधी समजून घ्यावा असा शब्द म्हणजे गुंठेवारी. शेतजमीन बिगरशेती न करता, ले-आउट मंजूर न करता, गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले गेले आणि त्यावर घरे उभी राहिली. आपल्या शहराचा फार मोठा भाग असाच वाढला. या वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारी विकासाचा कायदा झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्यात वाव मिळाला. म्हणजे गुंठेवारीतले घर आहे एवढ्यावरून ते सोडून देण्याचे कारण नाही. पण त्याला नियमितीकरणाचे प्रमाणपत्र आहे का, विकास शुल्क भरल्याची पावती आहे का आणि प्रमाणपत्राबरोबरच्या नकाशातला प्लॉट आणि जागेवरचा प्लॉट एकच आहे का, हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. बँकही कर्ज देताना हेच मागते. नुसत्या नोटरी केलेल्या कागदावर किंवा साठेखतावर चार-पाच हात बदललेले प्लॉट दाखवले जातात; असा व्यवहार कितीही स्वस्त असला तरी तिथून उठून यावे असे मी स्पष्टपणे सांगेन.

बाकीचे कागद वकिलाने तपासायचे असले तरी आपल्याला त्यांची नावे आणि अर्थ माहीत असावेत. सातबारा किंवा सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, त्यामागचे फेरफार, बिगरशेती आदेश, मंजूर ले-आउट, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र, विक्रेत्याचे स्वतःचे खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक दोन, आणि दुय्यम निबंधक कार्यालयातला मागच्या ३० वर्षांचा शोध एवढे तरी हवेच. वडिलोपार्जित जागा असेल तर वारसांत बहिणींची नावे लागली आहेत का आणि त्यांच्या सह्या आहेत का, हे आवर्जून पाहा. नंतर उद्भवणारे बहुतेक वाद इथूनच निघतात. घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हा कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही.

सांगली-मिरज-कुपवाड ही १९९८ पासून एक महापालिका आहे, पण माधवनगर, बुधगाव, हरिपूर ही गावे शहराला चिकटलेली असूनही ग्रामपंचायतीत आहेत. रस्त्याच्या एका बाजूला महापालिका आणि दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत असा प्रकार असतो. घर कोणत्या हद्दीत येते यावर पाणी, कचरा, दिवाबत्ती आणि परवानगी सगळेच अवलंबून आहे.

सरकारी मोजणी करून घ्या. शेजारच्या कंपाउंडवाल्यांना आधी सांगून, त्यांना समोर उभे करून करून घ्या. खरेदीखत केवळ घरातील महिलेच्या नावाने केले तर निवासी घरासाठी मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, तेही घरात बोलून आधी ठरवा. खरेदी झाली की घरपट्टी, पाणीपट्टी आणि महावितरणचे मीटर यांवर लगेच आपले नाव लावून घ्यावे आणि आधीच्या मालकाची थकबाकी त्याच्याकडून व्यवहारापूर्वीच भरून घ्यावी.

एक वर्ष भाड्याने राहून मग घर घ्यायचा विचार असेल तर तो उत्तम आहे आणि मी सगळ्यांना तोच सुचवतो. ज्या भागात घ्यायचे त्याच भागात भाड्याने राहा, म्हणजे एक पावसाळा फुकटात बघायला मिळतो. भाडेकरार मात्र नोंदणीकृतच करा.

चौथी पायरी: गल्लीची ओळख

राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरी जाऊन या. वास्तुशांतीचे आमंत्रण हे त्यासाठी आयते निमित्त असते; पत्रिका व्हॉट्सॲपवर न पाठवता जोडीने जाऊन द्या. कॉलनीतल्या वडीलधाऱ्यांना इथे काका, तात्या, अण्णा, काकू असेच म्हणतात, आणि सुरुवातीपासून तसे म्हटले की परकेपणा लवकर जातो. गणपतीची वर्गणी मागायला पोरे आली की त्यांना दारातूनच वाटेला न लावता आत बोलवा. घंटागाडी कधी येते, रस्त्यातला दिवा गेला तर कोण पाठपुरावा करते, वायरमनचा नंबर कुणाकडे आहे, ही सगळी माहिती अशाच भेटींत मिळते.

गाडी दुसऱ्याच्या फाटकासमोर लावू नका, आणि आपल्या पोर्चचा उतार रस्त्यात पुढे आणून गटार झाकू नका. आपल्या भागातले निम्मे भांडण या उतारांवरून आहे, आणि पाणी तुंबण्याचे कारणही तेच आहे.

शेजारी रिकामा प्लॉट असेल तर त्याच्या मालकाचा ठावठिकाणा काढून ठेवा. त्यात गाजरगवत माजते, पाणी साचून डास होतात, आणि पावसाळ्यात बिळात पाणी शिरले की साप बाहेर पडतात. शेताला लागून असलेल्या नव्या वसाहतींत नाग, मण्यार आणि घोणस तिन्ही निघतात. मण्यार रात्री घरात येते, म्हणून जमिनीवर झोपणे टाळा, दाराच्या खालच्या फटी बंद करा आणि चपला झटकून घाला. साप दिसला तर मारायला न जाता सर्पमित्राला बोलवा. त्याचा नंबर कॉलनीत कुणाकडे तरी असतोच. चावल्याची शंका जरी आली तरी घरगुती उपाय न करता थेट सिव्हिल गाठा.

पाचवी पायरी: पहिला पावसाळा

मे महिन्याच्या अखेरीस गच्चीचे पाइप साफ करा, घरासमोरचे गटार आपणच फावड्याने मोकळे करा, मीटरच्या पेटीत पाणी शिरत नाही ना ते पाहा. जूनपासून कोयना आणि वारणा धरणांतून किती पाणी सोडले आणि आयर्विनला किती फूट झाले, या दोन आकड्यांवर लक्ष ठेवण्याची सवय लावा. तुमच्या गल्लीचा जो आकडा तुम्हाला कळला असेल, त्याच्या पाच फूट आधी हालचाल सुरू करायची असे मी धरतो: गाडी उंचावर लावणे, सिलिंडर आणि धान्य वर नेणे, कागदपत्रे आणि औषधे एका पिशवीत घालणे, घर सोडताना मेन स्विच बंद करणे. घरात म्हातारी माणसे किंवा जनावरे असतील तर त्यांना अंधार पडण्याआधी हलवा.

तुमचे घर उंचावर असेल तर तुमची तयारी वेगळी. २०१९ मध्ये आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांत गावभाग-खणभागातली माणसे आठ-दहा दिवस राहिली. आमच्याकडे त्याच काकू आणि त्यांचे दोन नातू होते. जास्तीच्या दोन गाद्या, भरलेली पाण्याची टाकी आणि शिधा हे ऑगस्टमध्ये घरात असू द्या.

पाऊस सरला की ऑक्टोबरमध्ये भिंतींवरून एकदा फिरा. नवी भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा, आणि मधोमध काचेची एक बारीक पट्टी सिमेंटने चिकटवा. काळी माती पुन्हा सुकते ती मार्च-एप्रिलमध्ये. तोपर्यंत काच शाबूत राहिली तर भेग भरून रंग द्यायला हरकत नाही, आणि तडकली असेल तर रंगाऱ्याच्या आधी इंजिनिअरला फोन करा.